आप्पांचं ‘बसा’

आप्पांच्या अंगणात उभं राहायची कुणाची बिशाद नव्हती. मीटर बघायला आलेला माणूस असो, दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर असो, नाहीतर रस्ता चुकून वस्तीवर शिरलेला कुणी परका असो, फाटकातून पाऊल आत पडलं की गोठ्याच्या बाजूनं आवाज यायचा, "बसा." आधी आवाज, मग माणूस. शेणाची पाटी हातात घेऊन आप्पा बाहेर येईपर्यंत आलेला माणूस बसलेला असला पाहिजे, असा नियम. नसला तर आप्पा पाटी खाली न ठेवता तसेच उभे राहायचे आणि म्हणायचे, "बसा की." त्यात हुकूम नव्हता, पण सुटकाही नव्हती. जड पाटी धरून एक म्हातारा समोर उभा आहे म्हटल्यावर कोण किती वेळ ताठ राहणार? बसावंच लागायचं.

सगळ्यांना एकच ‘बसा’. शेंबड्या पोरालाही ‘बस’ नाही. आम्ही त्यांच्या मुलाचे मित्र, अरे-तुरे करा म्हणून विनवून दमलो. त्यावर आप्पा मान डोलवायचे आणि पुढच्या वाक्याला पुन्हा "तुमी" म्हणायचे. बसायला जागाही चिक्कार करून ठेवलेल्या. लाल प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, एक पांढरी खुर्ची, तिचा मोडका पाय तारेनं आवळलेला. कडुलिंबाखाली सिमेंटचा बाक. टोमॅटोचे पालथे क्रेट. एक सुंभाची बाज. आणि सगळ्यांत मानाची जागा म्हणजे भंगारात गेलेल्या ट्रॅक्टरची लोखंडी सीट, जाड पाइपावर वेल्डिंग करून जमिनीत पुरलेली. तिच्यावर पहिल्यांदा येणाऱ्याला बसवायचे. उन्हाळ्यात ती तापून लाल व्हायची, पण मान तो मान.

मी पुण्यात राहतो आणि पोटासाठी छापखान्यांची प्रुफं तपासतो. शब्द चुकला की मला तो पानावर भातातल्या खड्यासारखा लागतो, असा आमच्या धंद्यात माझा लौकिक आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी काय माती खाल्ली ते नीट कळेल. दिनेश, मुकुंद आणि मी कॉलेजात असताना एका खोलीत राहिलो. दिनेश हा आप्पांचा एकुलता एक मुलगा. तो पुण्यातच नोकरीला लागला, लग्न करून तिथलाच झाला. गावी आई-वडील, गाई आणि ऊस. मुकुंद पक्का पुणेकर. नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं रे लागलं की तो शनिवार-रविवारला चिकटून आलेल्या सुट्ट्यांभोवती लाल पेनानं गोल काढायचा आणि आम्हाला फोन करून कळवायचा, "यंदा पाच वेळा आप्पा." अशी आमची अकरा वर्षं गेली. पहाटे निघायचं, नगर मागं टाकायचं, राहुरीत वडापाव खायचा, मग मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांना यथेच्छ शिव्या घालत कोल्हारच्या अलीकडे पाटाच्या कडेनं आत वळायचं. दोन्हीकडून ऊस अंगावर येतो, पुढचं काही दिसत नाही, आणि एकदम ते अंगण.

पहिल्या खेपेची गंमत सांगतो. मुकुंदनं यादी करून आणली होती. विहिरीत पोहणे, ट्रॅक्टर चालवणे, उसाचे फोटो, गाईचं दूध काढणे. गाडीतून उतरला तो गळ्यात कॅमेरा अडकवूनच. "बसा," आवाज आला. बसलो. आप्पा हात धुऊन समोर क्रेटवर टेकले आणि चौकशी सुरू झाली. गाव कुठलं, आजोळ कुठलं, तिकडं पाणी किती हातांवर लागतं, वडील काय करतात, झोप लागते का, सकाळी लवकर उठवलं तर चालेल का. दर दहा मिनिटांनी मुकुंद उठायचा आणि दर वेळी "बसा की" ऐकून खाली बसायचा. दोन तास! तो माझ्या कानाशी पुटपुटला, "हे घर आहे की चौकी?" मग आप्पा उठले, म्हणाले, "चला." विहिरीवर नेलं आणि मला काठावरच थांबायला सांगितलं, कारण मला पोहता येत नाही हे त्या दोन तासांत त्यांनी कधीच काढून घेतलं होतं. मुकुंद सापाला भितो हे त्यानं कबूल केलं नव्हतं, तरी त्याला उसाच्या सरीत न नेता पाटाच्या मोकळ्या कडेनं फिरवलं. जेवताना माझ्या पानात वांगं आलं नाही. मी वांगं खात नाही हे मी सांगितलं होतं? मला आठवेना. आप्पांना माणूस बघायला त्याला बसवावं लागायचं, एवढं मात्र कळलं.

गाईंचंही तसंच. तेव्हा आठ गाई होत्या. दुपारी सगळं निजानीज झालं की आप्पा गोठ्यासमोर क्रेट टाकून नुसते बसायचे. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा डुलक्या काढतोय. जवळ गेलो तर ओठ हलत होते. गाय एक घास कितीदा चघळते ते मोजत होते. पन्नासाच्या वर गेली की ठीक, तीसवर आली की तिचं काहीतरी दुखतंय. डॉक्टरला फोन करून ते सांगायचे, "चौथी चाळीसवर आलीय," आणि डॉक्टरलाही ते कळायचं. गाईंना नावंही खास. सगळ्यांत पुढं चालणारी, जी पाण्यावर गेल्याशिवाय बाकीच्या सात जणी दावणीवरून हलायच्या नाहीत, तिचं नाव सरपंचीण. गावात पहिल्यांदा बाई सरपंच झाल्या त्याच महिन्यात ती जन्मली. खुद्द सरपंचबाई एकदा वस्तीवर आल्या, ट्रॅक्टरच्या सीटवर बसल्या, आणि दिनेशच्या आईनं, म्हणजे आमच्या काकूंनी, गोठ्याकडे बघून ‘सरपंचीण’ अशी हाक मारली तशी दोघींनी मान वळवली. काकू आत पळाल्या त्या चहा होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

आणखी एक प्रसंग मी डोळ्यांनी बघितलेला. शेजारच्या दोन चुलतभावांचं बांधावरून पेटलं होतं. दोघं तणतणत आप्पांकडे निवाड्याला आले, एकाच्या हातात कुदळ. "बसा," आप्पा म्हणाले. त्या दिवशी खुर्च्या कुणाच्या तरी बारशाला गेल्या होत्या, क्रेट टोमॅटोला. बाक नुकताच धुतलेला, ओला. ट्रॅक्टरची सीट एकालाच पुरणार. राहिली बाज. दोघं बाजेच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून बसले. त्या बाजेचं सुंभ इतकं सैल पडलेलं की मधे नुसती झोळी. एका मिनिटात दोघं घसरत मधोमध, पाठीला पाठ. एकानं चुळबुळ करून स्वतःला वर ओढलं की त्याच्या हिसक्यानं दुसरा आणखी आत. आप्पा समोर क्रेटच्या जागी पालथ्या बादलीवर बसून मोटारीच्या फ्यूजबद्दल बोलत राहिले. बांधाचा ‘ब’ काढला नाही. चहा आला तेव्हा धाकट्याला बशी धरायला जागा नव्हती, ती थोरल्यानं धरली. मग थोरला फिसकन हसला आणि खेळ संपला. ते गेल्यावर मी म्हटलं, आप्पा, सुंभ मुद्दाम सैल ठेवलंय ना? "बाज जुनी हाय," एवढं म्हणून ते गोठ्यात गेले. दिनेश सांगतो, नव्या सुंभाचं वेटोळं माळ्यावर चार वर्षं पडून होतं.

अशा माणसाची जीभ गेली.

तीन वर्षांपूर्वी उसाला पाणी धरताना ते सरीतच कोसळले. नगरला दवाखान्यात नेलं, जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी दिनेशला समजावलं की यांना सगळं कळतं, सगळं ऐकू येतं, आत शब्द तयारही होतात, पण बाहेर यायची वाट बंद झाली आहे. कधी कधी अशा पेशंटचा एखादाच शब्द शिल्लक राहतो, आयुष्यभर सगळ्यांत जास्त वापरलेला. मनात काहीही असो, तोंडातून तोच येतो.

आम्ही गेलो ते दोन ऑक्टोबरच्या जोडसुट्टीला. फाटकाशी पाय अडखळले. ओसरीवर आप्पा लाल खुर्चीत, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. आमच्याकडे बघून त्यांनी खणखणीत आवाज दिला, "बसा." काय आनंद झाला म्हणून सांगू! मुकुंद तर ओरडलाच, अरे आप्पा बोलतायत! आम्ही धावत जाऊन बसलो. बरं आहे का, आप्पा? "बसा." जेवलात? "बसा." पायाला मुंग्या येतात का अजून? "बसा." तिसऱ्यांदा आमचे चेहरे पडले, आणि ते पडताना आप्पांनी बघितले. त्यांनी नजर गोठ्याकडे वळवली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, इथून उठून निघून जावं. बसवेना.

काकूंनी मात्र कंबर कसली होती. त्या एका शब्दाचे त्यांनी किती अर्थ लावले होते, देव जाणे. ‘बसा’तला ‘सा’ लांबला की पाणी. दोनदा झटपट आला की गाईंकडे बघा. दातांतून आला की पाय ओढतोय. एकदा आम्ही गप्पा मारत होतो, आप्पा हळूच म्हणाले "बसा," आणि काकू उठून आत जाऊन टीव्ही बंद करून आल्या. आम्ही तोंडात बोटं घातली. दिनेशनं सगळ्या गाई विकायचं काढलं, पाच गेल्याही, पण उरलेल्या तिघींना न्यायला टेम्पो आला तेव्हा आप्पांनी असा काही "बसा!" केला की टेम्पोवाला मुकाट्यानं बाजेवर बसला आणि चहा पिऊन रिकामा परत गेला. सरपंचीण राहिली ती त्या शब्दामुळं. अजून घर त्यांच्याच शब्दानं चालत होतं, एकाच का होईना. मी काकूंना म्हटलं, धन्य आहे तुमची. त्या धुणं पिळत होत्या. म्हणाल्या, "मला कळतंय तवर त्यांचं चाललंय. मला न्हाई कळलं त्या दिशी ते मुकेच की."

मीही शिकायचं ठरवलं. प्रूफरीडर ना! वहीत तक्ता केला. लांब ‘सा’, आखूड ‘सा’, ‘ब’वर जोर. आप्पांना त्याची भारी मजा वाटायची. मी पाणी नेऊन द्यायचो, ते मान हलवायचे. औषध न्यायचो, नाही. उपरणं, नाही. सगळं घर पालथं घालून झालं की डाव्या हातानं पहिलाच तांब्या उचलून घटाघट पाणी प्यायचे आणि अर्ध्या तोंडानं हसायचे. आमची त्यांनी अशी पार फजिती करावी, यात आम्हालाही बरं वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला. लाल गोल होताच. आम्ही पोचलो त्याच दिवशी पहाटे सरपंचीण व्यायली होती. कालवड झाली, पांढऱ्या कपाळाची. आप्पांची खुर्ची ओसरीच्या टोकाला, गोठा समोर दिसेल अशी लावलेली. दिवसभर ते तिच्याकडे बघून मधूनच "बसा" म्हणायचे आणि त्या ‘बसा’चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता.

दुसऱ्या दिवशी देवळाली प्रवराला काकूंच्या भाचीचा साखरपुडा. आप्पा आजारी पडल्यापासून काकू वस्तीबाहेर पडल्या नव्हत्या. नको म्हणत होत्या. आम्हीच मागं लागलो. दोन धडधाकट माणसं घरात आहेत, काकू, जा तुम्ही, दिनेश गाडीनं सोडेल आणि घेऊन येईल. त्यांनी गोळ्या दाखवल्या, मऊ भात कुठं आहे ते दाखवलं, मग आप्पांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. आप्पा म्हणाले, "बसा." काकू लाजून हसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, जा म्हनतात. नवी साडी नेसून अकराच्या सुमाराला गाडीत बसल्या. दूध काढायला येणारा गडी पाचला यायचा. तोवर वस्तीवर आम्ही तिघंच.

आप्पांना भात भरवला. मुकुंद भांडी विसळत होता, मी ओसरी पुसत होतो. दीड वाजला असेल. आप्पा म्हणाले, "बसा." म्हटलं, बसतो, एवढं आवरू द्या. "बसा. बसा." दोनदा झटपट म्हणजे गाई, हे माझ्या वहीत होतं. मी उठून गोठ्याकडे नजर टाकली. दोघी वैरण खात होत्या, सरपंचीण खाली बसली होती, कालवड तिच्याशेजारी. सगळं ठीक होतं. आहेत, आप्पा, गाई मजेत आहेत, असं सांगितलं. "बसा!" आम्ही हातातली कामं टाकून त्यांच्या दोन बाजूंना खुर्च्या ओढून बसलो. अकरा वर्षांची सवय. आप्पा बसा म्हणाले की बसायचं.

ते थांबेनात. पाणी दिलं, ढकललं. लघवीचं भांडं आणलं, ढकललं. पंखा लावला. गोळी चुकली की काय म्हणून पाकिटं मोजली. डाव्या हातानं ते गोठा दाखवत होते. आम्ही पुन्हा बघितलं. सरपंचिणीनं मान वळवून आपल्या कुशीवर ठेवली होती. मुकुंद म्हणाला, बघ, बाळंतीण कशी निवांत झोपलीय. त्यानं तिथूनच मोबाईलवर फोटो काढला आणि आप्पांना दाखवला, हे बघा आप्पा, काय छान आलाय. आप्पांनी मोबाईल हातातून उडवला. तो ओसरीवरून खाली चिखलात पडला. असा राग आम्ही त्यांचा कधी पाहिला नव्हता. आम्ही एकमेकांकडे बघितलं. अशा आजारात माणसं चिडतात, रडतात, मनावर घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी दिनेशला सांगितलं होतं. आम्ही मनावर घेतलं नाही.

मग आप्पांनी स्वतःची मान वाकडी केली. डावीकडे, खाली, खांद्याच्याही खाली, कुशीकडे. आणि तशीच धरून आमच्याकडे डोळे फाडून बघत राहिले. मी म्हटलं, मान अवघडली. मुकुंदनं उशी आणली. मी मानेला तेल चोळलं. ते पुन्हा मान वाकडी करायचे, आम्ही पुन्हा सरळ करायचो. मी दिनेशला फोन लावला. तिकडं जेवणावळ चाललेली, मागं भांड्यांचा आवाज. म्हटलं, आप्पा सारखं बसा बसा करतायत रे. तो हसून म्हणाला, "मग बसा की." मीही हसलो. अर्ध्या तासात निघतो म्हणाला, पण पाऊस आला आणि त्यांना निघायलाच उशीर झाला.

फोन ठेवून वळतो तर आप्पा उठले होते. एका पायावर, खांबाला डावा हात लावून. एक पाऊल पुढं गेले आणि ओसरीच्या पायरीवर कोसळले. आम्ही धावलो. ते हातानं जमीन ओढत पुढं सरकायला बघत होते, गोठ्याकडे, चिखलातून. वजनदार माणूस, आम्हाला दोघांना दम लागला, पण आम्ही त्यांना उचललं. उचलून पुन्हा खुर्चीत बसवलं. तोंड पुसलं. पुन्हा पडू नयेत म्हणून मुकुंदनं त्यांचंच उपरणं कमरेभोवती घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधलं. हलक्या हातानं, गाठ रुतू नये म्हणून मधे टॉवेल ठेवून. मी ते बघत होतो. मला ते शहाणपणाचं वाटलं.

त्यानंतर आप्पा बोलले नाहीत. गोठ्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मी पुसत होतो. शांत झाले, असं मी मुकुंदला म्हणालो.

पावणेपाचला गाडी आली. काकू फाटकातून आत आल्या, आमच्याकडे बघून हसल्या, आणि मग त्यांची नजर गोठ्याकडे गेली. नव्या साडीसकट त्या चिखलातून धावल्या. सरपंचिणीच्या कानाला हात लावला. "दिन्या, डाक्टरला फोन कर, गाय बसली!"

गाय बसली. व्यायलेली गाय अंगातलं कॅल्शियम उतरून खाली बसते, मान कुशीला लावते, कान गार पडतात, आणि वेळेवर शिरेतून सलाईन दिलं नाही तर उठत नाही. गोठ्यातल्या कुठल्याही माणसाला हे दोन शब्द कळतात. आप्पांच्या तोंडून फोनवर मी ते स्वतः ऐकले होते. कुणाची तरी बसली, कुणाची उठली. माझ्या कानावरून ते वाऱ्यासारखे जायचे. आप्पांना शोधावा लागला नव्हता तो शब्द. जो एकच उरला होता, तोच त्या दिवशी जवळजवळ बरोबर होता. बसली म्हणायचं होतं, बसा आलं. आणि आम्ही बसलो.

डॉक्टर लांबच्या वस्तीवर होते. आले तेव्हा सहा वाजून गेले होते. गाय आडवी झाली होती, पोट फुगलं होतं. त्यांनी मानेच्या शिरेत सुई घातली, बाटली दिनेशच्या हातात दिली आणि कधीपासून बसलीय म्हणून विचारलं. मी म्हणालो, दीड. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा सुईकडे. अर्धी बाटली गेली असेल, सरपंचिणीनं पाय ताणले आणि संपलं. बाकीच्या दोघी दावणीला उभ्या होत्या.

काकू हात धुऊन ओसरीवर आल्या. गाठ बघितली. सोडली, उपरणं झटकून आप्पांच्या खांद्यावर टाकलं. मुकुंद भिंतीकडे तोंड करून रडत होता. मी काकूंचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी मला धरून उभं केलं. म्हणाल्या, "तुमाला काय ठावं, बाळा. ते गाय बसली म्हनत हुते." त्यांच्या आवाजात राग असता तर मी जन्मभर त्यांचा ऋणी राहिलो असतो.

आप्पांसमोर जायला मला रात्र जावी लागली. रविवारी सकाळी निघताना गेलो. माफ करा म्हणालो, आणखी काय काय म्हणालो, सगळे शब्द होते माझ्याकडे. ते माझ्याकडे बघत होते. नजरेत राग नव्हता, ओळख होती, पण मधे काहीतरी मिटलेलं होतं. मी वाट बघितली. ते बोलले नाहीत. मला वाटलं, आजचा दिवस आहे, मनाला लागलंय.

पंधरा दिवसांनी दिनेशचा फोन आला. आप्पा बोलत नाहीत. म्हणजे तो शब्दही नाही. नगरला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. दुसरा झटका नाही, घसा ठीक, जीभ ठीक. डॉक्टर म्हणाले, यायला हवा होता, का येत नाही सांगता येत नाही. दिवाळीत काकू फोनवर आल्या. तहान लागली तर कळत नाही, पाय ओढतोय का कळत नाही, दर तासाला अंदाजानं पाणी देते, कधी पितात, कधी नाही. मग म्हणाल्या, "आता मलाबी कळंना." मी फोन धरून बसून राहिलो.

सव्वीस जानेवारी सोमवारी आला. मुकुंदनं या वर्षी कॅलेंडरवर गोल काढले नाहीत, आला पण नाही. मी दिनेशबरोबर गेलो. दोन्ही गाई आहेत. कालवड वाढलीय, तिला काकूंनी बाटलीनं दूध पाजून जगवलं. आप्पा ओसरीवर, त्याच खुर्चीत. मी फाटकातून आत आलो आणि अंगणाच्या मधोमध उभा राहिलो. का उभा राहिलो ते माझं मलाच माहीत. आप्पांनी मला बघितलं. कालवडीनं येऊन माझा शर्ट हुंगला. शेवटी काकूच आतून म्हणाल्या, या की वर.

मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसलो. उसाला तोड लागलीय, पाटाला पाण्याचं आवर्तन आलंय, असं काहीबाही बोललो. मग राहवलं नाही. त्यांचा डावा हात धरला आणि म्हणालो, "आप्पा, एकदा म्हणा. मी ऐकीन." दिनेश खांबाला टेकून उभा होता. काकू दारात आल्या, हाताला पीठ तसंच.

‘ब’ म्हणायला आधी ओठ मिटावे लागतात. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, छाती भरून श्वास घेतला आणि ओठ मिटले. आम्ही तिघंही पुढं झुकलो. ओठ मिटलेलेच राहिले.